डोळ्यांच्या डॉक्टरांची गाडी

४ फेब्रुवारी

ती. ताईस,

टिल्लूचा साष्टांग नमस्कार. विनंती विशेष इतकीच, की हे पत्र बसून वाच आणि वाचताना हातात गरम कप धरू नकोस.

मी गाडी घेतली. फोनवर सांगणार होतो. पण तुझ्या डोंगरावर फोन लागला, तरी आवाज फक्त तुझाच ऐकू येतो. माझा कधी पोचत नाही. म्हणून पत्र.

गाडी आपल्या डोळ्यांच्या डॉक्टरांची. ज्यांच्या चिठ्ठ्यांवर माझं चष्म्यांचं दुकान एकोणीस वर्षं चाललंय, तेच. सात जणांची, तीन रांगांची, गडद हिरवी. चढायला पायरी आहे. आत बसलं की बसचा ड्रायव्हर आपल्या नजरेला नजर देतो. आजवर मला बसचं फक्त चाकच दिसायचं. वय अकरा वर्षं, पण अंगावर एक ओरखडा नाही. डॉक्टर म्हणाले, गाडी त्यांना मुलासारखी आहे. मी विचारलं, मग विकता का? तर म्हणाले, मुलगा लांब गेला, आता दोघांचंही करणं होत नाही. किंमत ऐकून माझाच विश्वास बसेना. नव्या गाडीच्या पाव किमतीत एवढी मोठी गाडी!

तू विचारशील, घरात माणसं दोन आणि जागा सात कशाला. ते सावकाश सांगेन. सौ. बरी आहे, पोहण्याच्या तलावावर तिच्याकडे शिकायला मुलांची नवी तुकडी आली आहे. गाडीबद्दल ती अजून काही बोललेली नाही. हे शुभ की अशुभ ते तूच सांग.

राग आला तर पत्रातून काढ, पण लोभ कमी करू नकोस.

तुझा
टिल्लू


११ फेब्रुवारी

चि. टिल्लूस,

अनेक आशीर्वाद. गाडीला त्याहून थोडे जास्त, तिला लागतील.

बसून वाचलं. बरं झालं बसले होते. एकतीस वर्षं मी विमा कंपनीसाठी आपटलेल्या, बुडालेल्या, जळालेल्या गाड्यांखाली झोपून नुकसान किती ते ठरवलं. निवृत्त झाले तेव्हा ऑफिसने निरोपाला टॉर्च दिला, यावरून माझी ख्याती लक्षात यावी. जुनी गाडी बघून घ्यायला असा माणूस लोक शोधत फिरतात. तुला तो शोधावाही लागला नसता, कारण ती तुझी सख्खी बहीण आहे. तरी तिला न विचारता तू व्यवहार उरकलास. चष्म्याच्या दुकानदाराला इतकी दूरदृष्टी असावी, याचं कौतुक वाटलं.

डोळ्यांच्या डॉक्टरने चष्मेवाल्याच्या डोळ्यांत धूळ फेकली, तीही ओळखीच्या दरात. पाव किमतीला मिळाली म्हणतोस. अरे, गाडी जुनी झाली की गाडीची किंमत उतरते, तिच्या सुट्या भागांची उतरत नाही. दारात हत्ती बांधणं सोपं असतं, त्याला रोज चारा घालायचा असतो. तिचे चार टायर घ्यायला गेलास की दुकानदार आधी खुर्ची देईल, मग पाणी देईल आणि मग आकडा सांगेल. खुर्ची कशाला दिली ते तेव्हा कळेल.

आता मुकाट्याने तीन गोष्टी कर. सकाळी इंजिन गार असताना सुरू कर आणि बाहेर उभं राहून ऐक. पहिल्या काही क्षणांत साखळी ओढल्यासारखी खडखड आली, तर ती इंजिनातली टायमिंग चेन, सैल झालेली. गिअर बदलताना मागून कुणी ढकलल्यासारखं वाटतं का बघ. आणि गाडीखाली पुठ्ठा घालून ठेव. काळा डाग पडला तर इंजिनाचं तेल, तांबडा पडला तर गिअरबॉक्सचं, आणि हिरवट, गोड वासाचं पाणी दिसलं तर इंजिन गार ठेवणारं कूलंट गळतंय.

माझी छोटी गाडी तेरा वर्षांची झाली, पण तिने मला एकदाही रस्त्यात टाकलेलं नाही. परवा पावाच्या गाडीवाल्याने तिचा डावा आरसा उडवला, तेवढंच. वर तोच म्हणतो, मीच त्याला घासून गेले. चोराच्या उलट्या बोंबा.

सौ. काही बोलली नाही, हे अशुभ.

तुझ्यावर लोभ आहेच. अकलेवर नाही.

ताई


२ मार्च

ती. ताईस,

सा. न. वि. वि. (वि. वि. म्हणजे या खेपेला विनम्रपणे विरोध.)

तू सांगितलेलं सगळं केलं आणि मन निश्चिंत झालं. सकाळी इंजिन सुरू करताना थोडं बोलतं. आमचे मिस्त्री म्हणतात, जुनी इंजिनं बोलकीच असतात. दुसऱ्या गिअरवरून तिसऱ्यावर जाताना गाडी मान डोलावते. पुठ्ठा घातला होता. तुझे तिन्ही रंग आले. नक्षी छान दिसते.

एक नवीन गंमत कळली. या गाडीला स्प्रिंगांऐवजी हवेचे फुगे आहेत. रात्रभर त्यातली हवा हळूहळू जाते, म्हणून सकाळी गाडी मागच्या बाजूने बसलेली असते. सुरू केली की फुस्स करून उठते. या वयात आपण तरी सकाळी एका झटक्यात कुठे उठतो? छताला काचेची खिडकी आहे. अवकाळी पाऊस आला की तिच्या कोपऱ्यातून एक थेंब नेमका चालवणाऱ्याच्या टाळूवर पडतो, त्यामुळे झोप येत नाही. सुरक्षेची सोय म्हणायची.

आमच्या फाटकातून ती आत जाते. आरसे मिटायचे, पोट आत घ्यायचं, बस्स. डिझेलच्या पंपावरची माणसं मला आता नावाने हाक मारतात. एवढा मान मला एकोणीस वर्षांच्या धंद्यात मिळाला नव्हता.

थोडक्यात, सर्व कुशल आहे. काळजी नसावी, लोभ मात्र असावा.

टिल्लू


६ मार्च

ती. स्व. ताईंना,

शिरसाष्टांग नमस्कार. यांनी तुम्हाला लिहिलेलं पत्र मी टपालात टाकायच्या आधी वाचलं. पाकीट उघडंच होतं; म्हणजे मी उघडलं. सर्व कुशल आहे हे वाचून इतकं हसू आलं, की हे पत्र लिहायला बसले.

ताई, गाडी महिनाभरात अकरा दिवस आमच्याकडे होती, उरलेले दिवस मिस्त्रींकडे. मिस्त्रींच्या घराला वरचा मजला चढतोय. आमची गाडी आल्यापासूनच काम सुरू झालं, योगायोग असेल. मागचे दोन्ही फुगे बदलावे लागतील, आणि ते इथे मिळत नाहीत, मागवावे लागतात. ड्रायव्हरच्या बाजूची काच खाली जाते आणि वर यायचं विसरते. समोरच्या पट्टीवर इतके दिवे लागतात, की पहिल्या दिवशी मला वाटलं गाडीने सजावट केली आहे. तुमचे बंधू रोज सकाळी खाली उतरून ती आज किती बसली हे पट्टीने मोजतात, आणि कालच्यापेक्षा बोटभर कमी बसली असेल तर आनंदाने वर येऊन सांगतात.

पण मी लिहायला बसले ते वेगळ्या कारणाने. सात जागा कशाला, ते तुम्हाला सांगायला हे घाबरतात. गेल्या वर्षी डोंगरापलीकडच्या एका वस्तीवरून एक म्हातारी दोन बस बदलून दुकानात आली. नाकावरचा चष्मा तिच्या गेलेल्या नवऱ्याचा होता. सहा वर्षं ती तोच लावत होती. नंबर जुळत नव्हता, पण चष्मा म्हणजे चष्मा, असं तिला वाटायचं. त्या दिवशी हे जेवले नाहीत. तेव्हापासून डोक्यात एकच. दुकानाला सुट्टी असते त्या दिवशी भिंगांच्या पेट्या, अक्षरांचा तक्ता, काच घासायचं यंत्र आणि चार खुर्च्या घेऊन त्या वस्त्यांवर जायचं. रस्ते वाईट, चढ खडा, सामान फार. म्हणून ही गाडी.

मी विचारलं, एवढं चांगलं काम आहे, तर ताईंना गाडी का नाही दाखवलीत? बराच वेळ चष्मा पुसत बसले. मग म्हणाले, ताईला विचारलं असतं तर ती बरोबरच सांगणार होती, तीच अडचण होती. कॉलेजातला विषय ताईने निवडला, दुकानाची जागा ताईने पाहिली, तुलासुद्धा आधी ताईनेच पाहिलं. त्या निवडीबद्दल तक्रार नाही म्हणाले. मी दोनदा विचारून खात्री करून घेतली. पण पन्नाशी उलटल्यावर एक तरी गोष्ट स्वतःच्या मनाने घ्यावी असं वाटलं म्हणे. ती खडखड यांनी गाडी घेतानाच ऐकली होती. तरी हो म्हणाले.

यातलं काही त्यांना कळू देऊ नका. रागावलात तरी माझ्यावर रागवा, मी पोहून पार होईन.

तुमची
भावजय


१३ मार्च

सौ. भावजयबाईंस,

अनेक आशीर्वाद. दुसऱ्याची पाकिटं उघडण्याची तुझी सवय अशीच वाढत राहो.

पत्र वाचून राग आला. कुणाचा, ते अजून ठरत नाही. आई गेली तेव्हा तो नऊ वर्षांचा होता आणि मी एकवीसची. प्रत्येक गोष्ट त्याला विचारून केली असती तर तो आजही शाळेतच असता. पण तो नऊ वर्षांचा राहिला नाही, हे मला कुणीतरी वेळेवर कळवायला हवं होतं. त्याची पत्रं येत होती, त्यात एवढी एकच बातमी नव्हती.

असो. त्या गाडीची कूलंटची टाकी प्लास्टिकची असते आणि या वयाला तडकते. पाण्याचा पंपही बघायला सांग. चढावर नेण्याआधी, नंतर नव्हे. माझं नाव सांगू नकोस. मिस्त्री म्हणाले असं सांग. माझं बरोबर असणं त्याला सोसत नसेल, तर मिस्त्रीचं सोसेल.

इथे ठीक. काल फाटकाचा डावा खांब गाडीला लागला. तेरा वर्षं तो तिथेच उभा होता, काल पुढे कसा सरकला कोण जाणे. आमच्या रस्त्यावर हल्ली कुणावरच विश्वास टाकता येत नाही.

ताई


१० एप्रिल

ती. ताईस,

सा. न. वि. वि. आज मात्र खरोखर विशेष आहे.

काही गोष्टी मी तुझ्यापासून लपवल्या होत्या. त्या आता एकदम सांगतो. गाडी मी वस्त्यांवर जाऊन डोळे तपासण्यासाठी घेतली. रविवारी आम्ही दोघं पहिल्यांदा निघालो. पाचव्या वळणावर सुई लाल खुणेकडे सरकली, आणि सातव्यावर बॉनेटमधून अशी वाफ आली की आगगाडीने लाजावं. पाण्याचा पंप गेला. सौ. म्हणाली, मिस्त्रींनी पंपाचं सांगितलं होतं ना? मी म्हटलं, मिस्त्री काय, काहीही सांगतात. त्यावर तिने माझ्याकडे विचित्र नजरेने बघितलं.

ओढून नेणाऱ्या ट्रकला फोन केला. चार तास लागतील म्हणाला. जवळच लाकूड कापायची वखार होती. तिथली माणसं वाफ बघून जमा झाली, आणि जमलेल्या प्रत्येकाने गाडीत काय बिघडलंय ते मला सांगितलं. सगळ्यांची उत्तरं वेगळी होती आणि एकाचंही चुकीचं नव्हतं. शेवटी मी म्हटलं, गाडी चालत नाही तर नाही, तक्ता तर चालतो. मागचं दार वर उघडून त्याला तक्ता टांगला, सहा मीटर मोजून खुर्ची ठेवली. पहिला बसला तो करवतीवरचा माणूस. त्याचा नंबर काढल्यावर मी आधी त्याची बोटं मोजली. दहा होती. ट्रक येईपर्यंत सत्तावीस जण झाले. सौ. हातात शिट्टी असल्यासारखी रांग सांभाळत होती.

मग ट्रक आला. ड्रायव्हर भला, बडबड्या गडी. पण गाडीला हूक लावताना तो जागा हाताने चाचपत होता. मला शंका आली. गमतीने म्हटलं, बसा, तुमचीही नजर बघू. ताई, त्याला वरच्या दोन ओळींपलीकडे काही वाचता येईना. अकरा वर्षं तो हाच घाट चढ-उतार करतोय. मी विचारलं, परवाना कसा मिळाला? म्हणाला, तिथला तक्ता वर्षानुवर्षं तोच आहे, पाठ झालाय. आणि म्हणूनही दाखवला, एखादी कविता म्हणावी तसा.

मी सरळ सांगितलं, या माणसामागे माझी गाडी उतरणार नाही. तो चिडला, भाडं बुडतं म्हणाला, उशीर होतो म्हणाला. सौ.ने त्याला खुर्चीत दाबून बसवलं. मी त्याच्या नाकावर तपासणीची लोखंडी फ्रेम चढवली आणि नंबर लावला, दोन्ही डोळ्यांना पावणेतीन. मग तो उठला आणि रस्त्यावर जाऊन वाकून बघू लागला. म्हणाला, रस्त्याच्या कडेला पांढरी रेघ आहे हो! उतरताना पूर्ण वेळ तो ती फ्रेम घालून, गोगलगाईच्या चालीने, प्रत्येक पाटी मोठ्याने वाचत होता. एका पाटीवर 'सावकाश' लिहिलेलं होतं. ही इथे कधी लावली, असं त्याने मलाच विचारलं.

ओढण्याचे पैसे तो घेईना. मी बळेच दिले. मग चष्म्याचे मी घेतले नाहीत. दोघांचं नुकसान झालं, दोघं खूश.

आता बोल हवं ते. तुझा बरोबर असण्याचा हक्क मी मान्य करतो.

टिल्लू


१९ एप्रिल

चि. टिल्लूस,

अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र वाचलं, पुन्हा वाचलं. चांगलं काम केलंस. मला विचारलं असतंस तर मी ही गाडी घेऊ दिली नसती. ते माझं बरोबरच झालं असतं, आणि ती सत्तावीस माणसं आणि तो ट्रकवाला मात्र तसेच राहिले असते. हे मी नाकारत नाही.

पंप नवीन टाकताना बरोबरचा पट्टा आणि सगळे पाइपही बदलून घे. मागचे फुगे जोडीनेच बदल, एक बदललास तर दुसरा महिन्यात जाईल. चेनचं मात्र टाळू नकोस. ती तुटली तर इंजिन संपलं.

मी सध्या गाडी थोडी कमी काढते. मंगळवारी बाजाराच्या वळणावर एक सायकलवाली बाई एकदम समोर आली. तिला लागलं नाही, पण टोपली पडली आणि संत्री उताराने लांबपर्यंत गेली. मी उतरून गोळा केली. ती म्हणत होती, ती केव्हाची माझ्या बाजूने चालली होती. डाव्या. मी तिला नवी टोपली घेऊन दिली.

बाकी ठीक. दोघं सांभाळून असा.

ताई


२६ एप्रिल

ती. ताईस,

नमस्कार. तुझं पत्र आम्ही दोघांनी वाचलं. त्यात एकही टोमणा नव्हता. सौ. घाबरून म्हणाली, ताईंना काहीतरी झालंय.

म्हणून मी तुझी या वर्षातली सगळी पत्रं दुकानातल्या टेबलावर ओळीने मांडली. तिच्या नावचं पत्रही तिने आणून ठेवलं. पंप कुणी सांगितला होता ते मला त्यात कळलं, पण ते भांडण नंतर. पावाच्या गाडीने आरसा उडवला तो डावा. फाटकाचा खांब सरकला तो डावा. सायकलवाली आली ती डावीकडून. तू मला लहानपणी गाड्यांचे फोटो दाखवून शिकवायचीस, की ठोकर एकदा लागली तर ती दुसऱ्याची असू शकते, पण खुणा सगळ्या एकाच बाजूला असतील तर चालवणाऱ्याकडे बघायचं.

मी डॉक्टर नाही, आणि देव करो मी चुकीचा ठरो. पण एक आजार असा असतो, की मधलं सगळं स्वच्छ दिसतं, बारीक अक्षर वाचता येतं, आणि कडेचं हळूहळू जातं. तिथे काळोख दिसत नाही. तिथे काही नाहीये हेच कळत नाही. समोरचे लोक एकाएकी कुठून तरी आलेत असं वाटत राहतं.

तपासणी होईपर्यंत गाडीची किल्ली खिळ्याला लाव. शनिवारी मी न्यायला येतो. पंप, पट्टा, पाइप, सगळं नवीन आहे.

हे लिहायला तीन दिवस लागले. मला तुझं ऐकायची सवय आहे, तुला सांगायची नाही. आणि थोडं वाईटही वाटलं, ते लपवत नाही. तुझा भाऊ एकोणीस वर्षं डोळ्यांचंच काम करतो. तुला त्याला एकदाही विचारावंसं वाटलं नाही?

टिल्लू


३० एप्रिल

चि. टिल्लूस,

आशीर्वाद. माझे डोळे उत्तम आहेत. तुझं पत्र मी चष्म्याशिवाय वाचलं. तू येण्याची मुळीच गरज नाही. त्या गाडीने डोंगर चढणं म्हणजे मिस्त्रीच्या घरावर तिसरा मजला चढवणं.

शनिवारी किती वाजता?

ताई


१२ मे

सौ. भावजयबाईंस,

अनेक आशीर्वाद. तुझ्या तुकडीतल्या मुलांनी पोहण्याच्या स्पर्धेत दोन पदकं जिंकली हे कळलं. तू नेमकी त्या आठवड्यात नव्हतीस, आणि तुझा नवरा सगळं खरं सांगेल याची खात्री नाही, म्हणून मीच लिहिते.

गाडी फाटकाशी आली तेव्हा मी आवाजावरूनच चार दोष मोजले. पाचवा बसल्यावर कळला, वळवाचा थेंब चालवणाऱ्याला सोडून माझ्या डोक्यावर पडला. तरी कबूल करते, तिच्या खिडकीतून दरी पहिल्यांदा नीट दिसली. माझ्या गाडीतून मला तेरा वर्षं फक्त कठडा दिसत होता.

गाडी विकणाऱ्या त्याच डॉक्टरांच्या दवाखान्यात त्यांनी मला एका पांढऱ्या घुमटात तोंड घालून बसवलं. आत कुठेही ठिपका चमकला की बटण दाबायचं. मी अगदी इमानदारीने दाबत होते. नंतर कागद बघून मला वाटलं मशीन बिघडलंय. डाव्या डोळ्याचा जवळजवळ अर्धा भाग काळा होता. उजव्याच्या कोपऱ्यातही सुरुवात झालेली. काचबिंदू. डॉक्टर म्हणाले, गेलेलं परत येत नाही, उरलेलं थेंबांनी राखता येईल. पण रोज आणि जन्मभर. आणि गाडी चालवायची नाही. त्यापुढचं मला ऐकू आलं नाही. टिल्लू शेजारी फाइल धरून उभा होता. त्याने प्रत्येक वाक्य पुन्हा, हळू, माझ्या कानाशी सांगितलं. लहानपणी मी त्याला गणित सांगायचे तसं. फक्त तो ओरडला नाही.

डोळ्यांत औषध घातलं होतं, त्यामुळे समोर सगळं धुकं. पण मी एकतीस वर्षं लोकांचे जबाब घेतले आहेत. मी डॉक्टरांना विचारलं, इंजिनाची खडखड तुम्हाला केव्हापासून माहीत होती? चेहरा दिसला नाही, खाकरणं ऐकू आलं. दोन वेळा. मग म्हणाले, त्यांना वाटलं होतं हा घासाघीस करेल, मिस्त्री आणेल. याने काहीच विचारलं नाही, आणि मग स्वतःहून सांगायचा धीर झाला नाही. चेनचा अर्धा खर्च देतो म्हणाले. मी म्हटलं, अर्धा हा शब्द मला नीट ऐकू आला नाही, आता कानही तपासावे लागतील. सगळा खर्च देताहेत. माणूस गाडीच्या बाबतीत लबाड आणि डोळ्याच्या बाबतीत चोख. एकाच खुर्चीत दोन्ही बसतात. मी त्यांच्याकडेच उपचार घेणार आहे. गाडी मात्र कधी घेणार नाही.

परत येताना मी सबंध वाटभर त्या गाडीला नावं ठेवली. त्याने ठेवू दिली. घरी पोचल्यावर किल्ली खिळ्यावरून काढून मी त्याच्या हातात दिली आणि म्हटलं, बागेत जरा बघून येते. बागेत बघण्यासारखं काही नव्हतं. पंधरा मिनिटांनी आत आले तेव्हा त्याने चहा केला होता. त्यात साखर नव्हती, पण मी काही बोलले नाही. हल्ली मी बरंच काही बोलत नाही, त्याची सवय करून घ्या.

ताई


१८ जून

चि. टिल्लूस,

अनेक आशीर्वाद. थेंब सकाळ-संध्याकाळ घालते. घातल्यावर मिनिटभर डोळे मिटून बसायचं असतं. सबंध आयुष्यात इतकं स्वस्थ बसले नव्हते.

छोटी गाडी शाळेतल्या चित्रकलेच्या बाईंना दिली. डावी बाजू कशी आणि कुणामुळे ठोकली गेली, ते सगळं आधी सांगितलं. त्या हसल्या आणि घेतली.

तू विचारलंस, मोठी गाडी ठेवू की विकू. पहिल्यांदा विचारलंस, म्हणून नीट उत्तर देते. शहाणा माणूस विकेल. तिच्यावर जेवढं घातलंस त्यात दोन छोट्या आल्या असत्या, आणि गिअरबॉक्स अजून बाकी आहे. पण तू विकायला काढलीस तर येणाऱ्या प्रत्येकाला सगळं खरंखरं सांगशील, आणि मग घेणार कोण? तेव्हा ठेव. पुढच्या फेरीला वखारीच्या वरच्या वस्तीवर जाणार असाल तर मलाही घ्या. डोळे अर्धे असले तरी कान पूर्ण आहेत. इंजिन बिघडायच्या आधी मी सांगेन. तू नंतर सांगत बस.

आता माझं. बाजार इथून चार किलोमीटर खाली. बस दिवसातून दोनदा, तीही मनात आलं तर. हिवाळ्यात धुकं असतं आणि फाटकापासून दारापर्यंत एकवीस पायऱ्या, त्यांना कठडा नाही. या घरात मी तेवीस वर्षं एकटीने राहिले, आणि मला ते आवडतं. तुमच्या गल्लीत दुकानामागची खोली रिकामी आहे, असं सौ.ने पत्राच्या कडेला सहज लिहिलंय; ती काही सहज लिहीत नाही. मी महिनाभर विचार करतेय. पायऱ्यांना कठडा लावून इथेच राहावं की तिकडे यावं, मला ठरवता येत नाही. तुझं सगळं मी चुटकीसरशी ठरवायचे. स्वतःचं ठरवताना कळतं की आपल्याला फक्त दुसऱ्याचंच येत होतं.

म्हणून तू सांग. मला बरं वाटावं म्हणून ये म्हणू नकोस, आणि मी रागावेन म्हणून राहा म्हणू नकोस. खुर्चीत बसलेल्या कुणालाही तपासून सांगतोस तसं सांग. मी ऐकेन. निदान पहिला दिवस तरी वाद घालणार नाही.

उत्तराची वाट बघते. नेहमीच्याच अक्षरात लिही. मोठ्या अक्षरात लिहायची वेळ अजून आलेली नाही.

ताई